केशरी तोंडाची बंदूक आणि आमच्या जत्रेचं नाटक

२०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या जत्रेच्या नाटकाच्या तालमीला पोलिसांची जीप आली आणि ती माझ्यामुळे आली, हे आमच्या वाड्यावर आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणलं एकदा नीट लिहूनच काढू, कारण प्रत्येकजण सांगताना त्यात आपलं मीठमसाला घालतो आणि मागच्या आठवड्यात तर फोंड्याच्या बसमध्ये एकाने मलाच सांगितलं की अमक्या गावात नाटकवाल्यांकडे एके-४७ सापडली, दोन दिवस कोठडीत होते. नव्हतो हो. साडेतीन तास बाकावर बसलो होतो आणि त्यात दोनदा चहा मिळाला.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. आमच्याकडे गावोगाव देवाच्या जत्रेला, काल्याला मराठी नाटक होतं, म्हणजे व्हायलाच लागतं, नट सगळे गावातले, कोण मास्तर, कोण बागायतदार, कोण वीजखात्यात लाइनमन, आणि मध्यरात्री पडदा उघडला की पहाटे कधीतरी पडतो. मी नट नाही, मला चार वाक्यं पाठ होत नाहीत. मी पंधरा वर्षं प्रॉपर्टी बघतो. तलवारी, गदा, कमंडलू, काळा फिरवायचा टेलिफोन, कुंकवाच्या पाण्याची पिशवी, सगळं माझ्या घराच्या माळ्यावर असतं आणि बायको दर चतुर्थीला साफसफाई करताना त्यातलं कायतरी फेकून देण्याची धमकी देते.

त्या वर्षीचं नाटक फिरंग्यांच्या वेळचं होतं, आमच्या मास्तरांनीच लिहिलेलं. त्यात दोन पाखले, म्हणजे पोर्तुगीज, शिपाई, म्हणजे दोन बंदुका आल्या. मेस्ताने, म्हणजे आमच्या सुताराने, फळी कापून दोन करून दिल्या, काळा रंगही दिला, पण पहिल्याच तालमीत पाखला ती खांद्यावर घेऊन आला तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, ‘होडी खंय रे बांदल्या?’ (होडी कुठे बांधलीय रे?) आणि खरंच ते वल्हंच दिसत होतं. मास्तर भडकले. मला म्हणाले, बंदूक बंदूकच दिसली पाहिजे, माणूस मरतो या प्रसंगात, लोक हसले तर मी नाटक बंद करीन.

मग मला आमचा तारवटी मित्र आठवला. बोटीवर असतो, सहा महिने इथे, सहा महिने कुठल्याकुठे. त्याच्याकडे एक एअरसॉफ्ट रायफल होती, अमेरिकन सैन्याच्या एम-४ रायफलच्या आकाराची, कुठल्यातरी बंदरात घेतलेली, तिला इथे कशी आणली ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. हातात घेतली आणि मी गारच झालो. अडीच-तीन किलो वजन, नळी धातूची, मॅगझिन खटकन बसतं आणि खटकन निघतं, सेफ्टीचा खटका, वर दुर्बीण लावायची पट्टी, कंपनीचा शिक्कासुद्धा. आतलं मशीन २०१९ पासून मेलेलं, त्यामुळे उडत काहीच नव्हतं. फक्त नळीच्या टोकाला एक केशरी टोपण होतं, चतुर्थीच्या बाजारातल्या टिकल्यांच्या पिस्तुलाला असतं तसलं.

ज्यांना एअरसॉफ्ट म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी. हा खेळ जपानात ७० च्या दशकात सुरू झाला, कारण तिथे साध्या माणसाला खरी बंदूक जवळजवळ मिळतच नाही. प्लास्टिकची ६ मिलिमीटरची गोल गोळी, वजन ०.२ ग्रॅमच्या आसपास, आत स्प्रिंग किंवा गॅस, नाहीतर बॅटरीवर चालणारी छोटी मोटर जी पिस्टन मागे ओढून सोडते आणि हवेच्या दाबाने गोळी उडते. टोकियो मारुई या कंपनीने १९९१ मध्ये बॅटरीवाली रायफल काढली आणि तिथून हा खेळ जगभर गेला, रानात दोन टोळ्या करून लपाछपी, लागलं की आपणच हात वर करून ‘लागलं’ म्हणायचं, सगळं प्रामाणिकपणावर. जोर किती, तर ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर बरोब्बर १ ज्यूल होतो. ९ मिमी पिस्तुलाच्या गोळीचा जोर साधारण ५०० ज्यूल. म्हणजे अंगावर लागली तर चिमटा, डोळ्यात गेली तर मात्र डोळा गेला, म्हणून चष्मा सक्तीचा.

तर वस्तू खेळण्याची, पण रूप खऱ्याचं. आणि सगळी भानगड त्या रूपाचीच.

मास्तरांनी ती बघितली आणि खूश झाले, फक्त म्हणाले, ते केशरी तोंड काढ, पाखल्याच्या बंदुकीला गाजर कशाला. टोपण चिकटवलेलं होतं, निघेना. मग मी काळा ऑइल पेंट घेतला आणि दोन हात मारले. पाच मिनिटांचं काम. वाळायला अंगणात ठेवली तर शेजारचे आजोबा आले, वय ऐंशीच्या पुढे, लहानपणी पाखले प्रत्यक्ष बघितलेले, बंदुकीकडे बघून म्हणाले, अशी नव्हती रे त्यांच्याकडे, लाकडी दस्त्याची लांब असायची, ही तर टीव्हीवरच्या कमांडोची. १९५५ च्या प्रसंगात अमेरिकन एम-४. बरोबरच होतं त्यांचं. मी म्हणलं आजोबा, रात्री दोन वाजता कोण बघतोय. (हे वाक्य मला पुढे महागात पडलं, पण वेगळ्या अर्थाने.)

आता त्या दिवसांत काय चालू होतं ते आठवा. लोकसभेची निवडणूक, गोव्यात मतदान ७ मे ला, आचारसंहिता लागलेली, नाक्यानाक्यावर तपासणी, आणि दर निवडणुकीला होतं तसं लायसनवाल्यांनी आपापल्या बंदुका पोलिसांकडे जमा करायला घेतलेल्या. आमच्या भागात रानडुकरं बागायतीत घुसतात म्हणून काही घरांत पिढीजात बंदुका आहेत, त्यासुद्धा गेलेल्या. म्हणजे गावात एकही बंदूक दिसायला नको असे दिवस, आणि त्याच दिवसांत संध्याकाळी साडेसातला मी स्कूटरवर पायाशी टॉवेलात गुंडाळलेली एम-४ घेऊन बाजारातून देवळाकडे गेलो, आणि टॉवेल आखूड पडला, वीतभर काळी नळी बाहेर. मला पत्ता नाही. कोणीतरी फोन केला. कोणी ते अजून कळलं नाही, आणि खरं सांगू, मी त्याच्या जागी असतो तर मीही केला असता.

आम्ही मंडपात तो गोळीबाराचाच प्रसंग करत होतो. एकजण गुडघ्यावर, हात बांधलेले, तोंडाने वंदे मातरम, आणि समोर आमचा लाइनमन पाखला म्हणून बंदूक रोखून. रस्त्यावरून मंडपाच्या खांबांमधून नेमकं एवढंच दिसतं. जीप कधी थांबली कळलं नाही. एकदम टॉर्चचा झोत आणि आवाज, ‘बंदूक सकयल दवर!’ म्हणजे खाली ठेव.

लाइनमनच्या डोक्यावर हेल्मेट होतं, कारण शिपायाची टोपी अजून यायची होती आणि मास्तर म्हणाले होते डोक्यावर वजनाची सवय कर. त्याला ऐकू आलं ते अर्धंच. त्याला वाटलं प्रॉम्प्टर काहीतरी सांगतोय. तो वळला. बंदुकीसकट वळला.

ते जे एक-दोन सेकंद होते ना, त्याच्याबद्दल मी अजून कोणाशी फारसं बोललो नाहीये. त्या पीएसआयचा हात कमरेला होता. तरुण पोरगा, मुश्किलीने तिशीचा, आणि मला त्याचा चेहरा टॉर्चमागून नीट दिसत नव्हता पण त्याच्या खांद्याची ठेवण दिसत होती, ती ताठ झालेली. मी विंगेच्या बाजूला होतो, मला ओरडायचं होतं, तोंडातून आवाज आला नाही. मास्तर ओरडले, ‘नाटक! नाटक! अरे नाटक हें!’ आणि गुडघ्यावर बसलेला हुतात्मा स्वतःच उठून पळाला, त्याने गोष्ट सोपी झाली. लाइनमनने बंदूक टाकली. टाकल्यावर ती धातूसारखी वाजली, म्हणजे पुन्हा पंचाईत.

पुढचं स्टेशनवर. साहेबांनी मॅगझिन काढलं, रिकामं. बॅटरीचा कप्पा उघडला, त्यात मेलेल्या मुंग्या. मग नळीचं टोक दिव्याखाली धरलं आणि नखाने खरवडलं. काळा रंग निघाला, खालून केशरी आलं. ते केशरी दिसल्यावर पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला, आणि लगेच पुढचा प्रश्न आला, हे रंगवलं कोणी? मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

मग त्यांनी मला जे ऐकवलं ते मी नंतर घरी येऊन वाचून काढलं, कारण झोप येणं शक्यच नव्हतं. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात फायरआर्म म्हणजे फक्त दारूने उडणारी बंदूक नाही, स्फोटक ‘किंवा इतर कुठल्याही ऊर्जेने’ गोळी फेकणारं काहीही, म्हणजे हवा आली, स्प्रिंग आली. त्याच कायद्यात पुढे सूटही आहे, जे खेळण्याशिवाय कशालाच उपयोगी पडणार नाही आणि ज्याचं चालतं शस्त्र करता येणार नाही ते शस्त्र नाही. आमचं मेलेलं मशीन या सुटीत बसलं म्हणून मी हा ब्लॉग लिहितोय. चालू असतं तर गोष्ट वेगळ्या वाटेने गेली असती, कारण एअर रायफलला आपल्याकडे जी बिनलायसनची रेघ आहे ती २० ज्यूल आणि ४.५ मिमीची, आणि एअरसॉफ्टची गोळी ६ मिमीची. जोरात ती एअर रायफलच्या आसपासही नाही, जाडीत मात्र पुढे. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो फोनवर बराच वेळ गप्प होता.

पण मला सगळ्यात बोचलं ते कलम ६ आणि २८. तिथे ‘इमिटेशन फायरआर्म’ असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ दिलाय, बंदुकीसारखी दिसणारी कुठलीही वस्तू, मग तिच्यातून काही उडो वा न उडो. कलम २८ सांगतं की अटक टाळायला अशी नकली बंदूक वापरली तरी सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, खरीला आणि नकलीला एकच माप. मला आधी हे विचित्र वाटलं. मग लाइनमनचं वळणं आठवलं आणि विचित्र वाटायचं थांबलं. लुटीचंही तसंच आहे, जीवाची भीती घालून हिसकावलं की ती लूट, भीती कशाने घातली ते नंतर. मेस्ताची फळी असती तरी भीती नाही वाटली असती असं नाही, पण वल्ह्याला कोण घाबरतो.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि त्याला या खेळाचं वेड, रात्र रात्र व्हिडिओ बघतो. तो आला आणि उलट माझ्यावरच तापला, म्हणाला मामा तुम्ही केशरी टोक रंगवलंत, अमेरिकेत असता तर गेला होता. तिकडे १९८८ च्या कायद्यापासून नकली बंदुकीच्या नळीच्या तोंडाला झगझगीत केशरी रंग लागतो, तोंडापासून मागे कमीत कमी ६ मिलिमीटर. मी म्हणलं ६ मिलिमीटर? म्हणजे त्या प्लास्टिकच्या गोळीच्या जाडीएवढंच? रस्त्याच्या त्या बाजूने, संध्याकाळी, कोणाला दिसणार ते?

तो गप्प झाला कारण त्यालाही माहीत होतं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात सांता रोझा गावात अँडी लोपेझ नावाचा तेरा वर्षांचा मुलगा एके-४७ सारखी एअरसॉफ्ट घेऊन रस्त्याने चालला होता, टोक तुटलेलं, आणि शेरीफच्या माणसाने त्याला गोळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी क्लीव्हलंडला तमीर राइस, बारा वर्षांचा, बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता, त्याचंही केशरी टोक काढलेलं. फोन करणाऱ्याने सांगितलंही होतं की बहुतेक नकली असावी, बहुतेक पोरगंच आहे, पण ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलं नाही आणि गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दोन सेकंद. आमच्या मंडपातही तेवढेच असतील.

त्यानंतर कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१६ पासून नियम कडक केला, नुसतं टोक नाही, ट्रिगरच्या भोवतीची कडी आणि मुठीवर पट्टेही झगझगीत रंगाचे. इंग्लंडने तर त्याआधीच, १ ऑक्टोबर २००७ पासून, खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक बनवणं, विकणं, बाहेरून आणणं सगळंच गुन्हा केलं. विकायची तर लाल, पिवळी, हिरवी, गुलाबी, जांभळी असल्या रंगांची नाहीतर आरपार दिसणारी. भाच्याचा सगळा राग यावर, म्हणतो मामा, गुलाबी एम-४ घेऊन रानात लपायचं कसं? त्यांनाही हा प्रश्न पडला असणार, कारण खेळणाऱ्यांना सूट आहे, कमीत कमी दोन महिन्यांत तीन वेळा मैदानावर खेळून नोंदणी केली की काळी विकत मिळते. जपानने आणखी आधी, १९७१ मध्ये, धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग आणि नळी बुजवणं सक्तीचं केलं होतं. एअरसॉफ्टला मात्र तिथे २००६ पासून जोराचीच मर्यादा आहे, ०.९८ ज्यूल. म्हणजे कोणी रंग मोजतो, कोणी जोर मोजतो. कॅनडाचा मला सगळ्यात गमतीशीर वाटला, तिथे नकली बंदूक खऱ्याच्या जितकी हुबेहूब तितकी बेकायदेशीर. मेस्ताला तिथे काही भीती नाही.

आणि हे वाचून मी खुर्चीत उठून बसलो: इंग्लंडच्या कायद्यात नाटकाला सूट आहे. नाटकाचे प्रयोग आणि तालमी, दोन्ही शब्द आहेत तिथे. अमेरिकेतही फक्त नाटक-सिनेमासाठीच्या नकली बंदुकीला केशरी टोक माफ करता येतं. म्हणजे कोणीतरी सरकारी माणसाने बसून माझ्यासारख्या प्रॉपर्टीवाल्याचा विचार केला होता! मास्तरांना दाखवलं तर म्हणाले, बघ, मी म्हणत होतो. मी म्हणलं मास्तर, सूट स्टेजवर आहे, स्कूटरवर नाही.

भाच्याचं म्हणणं असं की बंदूक कशी दिसते यावर कायदा करणं चुकीचं, ती कशी वापरली यावर करा, रंग तर चोरही मारू शकतो, तुम्ही पाच मिनिटांत मारलात. एवढंच काय, चोर खऱ्या बंदुकीला केशरी टोक लावेल, मग? पोरगं हुशार आहे आणि या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मी त्याला एकच सांगितलं, तू आणि मी बंदूक धरणाऱ्याच्या बाजूने बोलतोय, आपल्याला माहीतच आहे ती खोटी आहे. तो पीएसआय माहीत नसलेल्या बाजूला उभा होता आणि त्याला कोणी कलम वाचायला वेळ दिला नव्हता. केशरी टोक त्याच्यासाठी असतं. मी ते आजोबांना ‘कोण बघतोय’ म्हणत पुसून टाकलं. भाचा म्हणाला हे सेंटिमेंटल आहे. असेल.

तर बंदूक दोन दिवसांनी परत मिळाली, मित्राच्या भावाच्या सहीवर, लेखी अटींसह, टोक पुन्हा रंगवायचं, नेता-आणताना बंद पेटीत, आणि नाटकाच्या दिवशी स्टेशनला आधी कळवायचं. मी टर्पेंटाइनने काळं पुसलं, पण केशरीही थोडं गेलं, म्हणून देवळाच्या पताकांच्या काठीला दिलेल्या रंगातला उरलेला डबा उघडून दोन हात दिले, टोक आणि वर चार बोटं जास्त, कॅलिफोर्नियावाल्यांना आवडेल इतकं. दुसऱ्या पाखल्याला मेस्ताचं वल्हंच दिलं, आणि मास्तर माझ्याशी रंगीत तालमीपर्यंत बोलले नाहीत.

नाटकाच्या रात्री मी विंगेत उभा, पोटात गोळा. गोळीबाराचा प्रसंग आला, पाखल्याने बंदूक उचलली आणि मी डोळे मिटून हसण्याची वाट बघत राहिलो. कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. उघडून बघितलं तर टोक काळं! मला वाटलं कोणीतरी पुन्हा रंगवलं, आता परत बाकावर बसायची पाळी. प्रसंग संपल्यावर धावत लाइटवाल्याकडे गेलो तर तो बिडी शिलगावत म्हणाला, अरे रात्रीचा सीन ना, मी दिव्याला निळा जिलेटीन कागद लावलाय, निळ्यात केशरी काळंच दिसतं, तुला रंग मारायची गरजच काय होती, मला आधी विचारायचं नाही का?